दारामागचा कोट

४ जानेवारी

ताई,

सोबतच्या पुडक्यात माझ्या सातव्या सिनेमाची पटकथा आहे. नाव 'माप'. आधीच सांगून ठेवतो, वाचून तुझी पाचावर धारण बसणार आहे.

गोष्ट एका शिंपिणीची. तिच्या दुकानात कुणीतरी एक जुना कोट दुरुस्तीला टाकून जातं आणि परत न्यायला येतच नाही. ती सकाळी दुकान उघडते तेव्हा कोटाच्या बाह्या आदल्या दिवसापेक्षा बोटभर लांब झालेल्या असतात. एवढंच. रक्त नाही, किंकाळ्या नाहीत, पांढऱ्या कपड्यातली बाई तर औषधालाही नाही.

नियम नेहमीचेच. दुपारी जेवण झाल्यावर एकटीने वाचायचं, खिडकीजवळच्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून. ज्या ओळीला मागे वळून बघावंसं वाटेल तिथे समासात पेन्सिलीने बारीक खूण. उठून दाराची कडी बघून आलीस तर दोन. आणि फोनवर या विषयावर अवाक्षर नाही, कारण तुझ्या आवाजावरून मला सगळं आधीच कळतं आणि मग मी भांडायला लागतो.

परवा निर्मातीबाई म्हणाल्या, "एकोणीस वर्षं भीतीचे सिनेमे लिहिताय, काढताय, सहातले पाच चालले. अजून बहिणीकडून पेपर तपासून घेता?" मी म्हटलं, "बाई, जो चालला नाही ना, तिसरा, तो तिला न दाखवता काढला होता." त्यात विहिरीतून हात वर येतो तेव्हा अख्खं थिएटर हसलं होतं. तू नंतर म्हणालीस, तो हात उसनी साखर मागायला आल्यासारखा दिसतो. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. तुझी खूण नाही त्या प्रसंगावर मी कॅमेरा लावत नाही.

शूटिंग दहा एप्रिलला सुरू होतंय. सुतारांनी दुकानाचा सेट उभा करायला घेतलाय. खुणा पंधराच्या खाली आल्या तर मी मिशा काढीन.

तुझा
भित्र्या


२३ जानेवारी

प्रिय भित्र्या,

पुडकं परत पाठवते आहे. मिशा काढ.

एकही खूण नाही. तुला बरं वाटावं म्हणून खुणा करणाऱ्यांतली मी नाही, हे तुला ठाऊक आहे. दुकान छान जमलंय. कात्रीला तेल घालणं, जाड्या गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेताना त्याला वाईट वाटू नये म्हणून टेप जरा सैल धरणं, सगळं खरं वाटतं. पण भीती कुठे आहे? बाई ट्रायल रूमच्या पडद्याकडे हात नेते आणि पुढच्या ओळीत बसून चहा पिते. पडद्यामागे काय होतं ते तू सांगतच नाहीस. याला तुम्ही लोक संयम म्हणत असाल, पण अती तिथे माती.

इकडे सगळं ठीक. समोरच्या घरात एक निवृत्त जेलर राहायला आलेत. सहा फूट उंच, आणि आवाज असा की ते जिन्यात खोकले तर वरच्या मजल्यावरची मांजर पळते. सगळा जन्म खुनी-दरोडेखोरांत गेलेला माणूस. दुपारी घटकाभर येऊन बसतात. सोबत बरी वाटते.

टाइपरायटर चालू आहे, फक्त 'ळ' अडकतो. कचेरीत चौतीस वर्षं बडवल्यावर साहेबांनी तो मला भेट म्हणून दिला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण बोटांना सगळं पाठ आहे, चालतं.

ताई


३० जानेवारी

ताई,

मिशा काढल्या. कॅमेरामनने मला सेटवर ओळखलं नाही. मेकअपवाल्याने "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं.

पण मी खचलो वगैरे नाही. चूक कळली. पडद्याचा प्रसंग मी सहा पानं लिहिला आणि तरी तुला वाटलं तिथे काही घडतच नाही. म्हणजे मी फार हळू बोललो. आता त्याच सहाची अकरा पानं केलीत. पडद्याखाली आधी अनवाणी पावलं दिसतात. मग त्या पावलांच्या शेजारी, जमिनीला टेकलेली, कोटाची बाही. आणि आतून कात्री चालल्याचा आवाज, शिंपिणीची कात्री तर तिच्याच हातात आहे.

माझी सहायक दिग्दर्शिका हे वाचून गेली आणि परवा दुकानातून कपडे घालून न बघताच घेऊन आली. आखूड झाले, बदलायला जायलाही तयार नाही. पण ती पगारी माणूस. तिच्या भीतीवर माझा विश्वास नाही.

दुसरा खर्डा सोबत आहे. पेन्सिलीला टोक करून बस. या वेळी तू कडी बघायला उठणार, आणि मी मिशा पुन्हा राखणार.

भित्र्या


२१ फेब्रुवारी

प्रिय भित्र्या,

पुडकं हातात घेतलं तेव्हा जड लागलं, म्हणून मोठ्या आशेने बसले. आणि गोष्ट मागच्यापेक्षाही लवकर संपली. हे कसं साधलंस?

बाई विचारते, "आत कोण आहे?" आणि एकदम दुसरा दिवस उजाडतो. अनवाणी पावलं, बाही, कात्री असं तू पत्रात लिहिलं होतंस, ते मला कुठे भेटलं नाही. तू लिहायचं म्हणून ठरवलंस आणि लिहायला विसरलास की काय? खुणा शून्य.

खरं सांगू? मला वाटतं तू सुखवस्तू झालास. चांगलं घर, चांगली बायको, सकाळी फिरायला जाणं. भीती अशा माणसाच्या हाताला लागत नाही. हे टाइप करताना मला बरं वाटत नाहीये. पण तिसऱ्या सिनेमाच्या वेळी लोक हसत होते तेव्हा मी त्यांच्यातच बसले होते. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. ते पुन्हा नको.

जेलरसाहेबही हल्ली चहा अर्धा टाकून उठतात. तब्येत बरी दिसत नाही.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

खोटं कशाला बोलू, या वेळी लागलं. लिहिलेलं लिहिलंच नाही असं तुला वाटावं इतकं ते मिळमिळीत झालं असेल, तर बोलणंच खुंटलं.

दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी निर्मातीबाईंना सांगून आलो की तिसऱ्या खर्ड्यालाही खूण आली नाही, तर मी बाजूला होतो. सिनेमा सहायक दिग्दर्शिकेने काढावा, आणि मी पुढे काही काढावं की नाही ते मग बघू. आधी त्या हसल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि डायरीत तारीख लिहून घेतली.

म्हणून या वेळी मी आपला कोट बाहेर काढलाय.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तू बारा. आईने त्यांचा कोट दारामागच्या खुंटीवरून कितीतरी महिने काढला नव्हता. एका दुपारी मी शाळेतून लवकर आलो, दार लोटलं, मागे बघितलं, तर कोट टांगलेला नव्हता, उभा होता. मग त्याच्या बाह्या वर झाल्या. मी असा ओरडलो की शेजारपाजारचे धावत आले. तू कोटातून बाहेर पडून पोट धरधरून हसलीस, आणि त्या दिवसापासून मी भित्र्या. माझे सगळे सिनेमे त्या एका दुपारचे आहेत, आणि तू एका मिनिटात केलंस ते मला एकोणीस वर्षांत जमलेलं नाही.

तर आता शिंपिणीला एक धाकटा भाऊ दिलाय. लहानपणी तिने याच कोटात शिरून त्याला घाबरवलं होतं, आणि आता कोट सूड घ्यायला परत आलाय. एकशे बत्तीस पानं, मी स्वतः मोजून दोऱ्याने बांधलीत. पंधरा-वीस दिवसांत काय ते कळव.

भित्र्या


१८ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. मीच छापून दिलेलं, माझ्या पत्त्याचं पाकीट. आत एक कागद, तोही कोरा.

मला वाटलं, हा निकाल. ताईला आता शब्दसुद्धा वाया घालवायचा नाही. मी निर्मातीबाईंना फोन करून सांगितलं की थांबवा. त्या म्हणाल्या, सोमवारपासून सुतारांना येऊ नका म्हणते. मग मी खिडकीशी तो कागद हातात घेऊन बसलो, आणि उन्हात तिरपा धरल्यावर त्याच्यावर खड्डे दिसले. बारीक, ओळीने. पेन्सिल आडवी धरून अख्ख्या कागदावरून फिरवली. अक्षरं पांढरी होऊन वर आली, 'ळ' सोडून सगळी.

तू लिहिलं आहेस: "इतकी वर्षं तुला सांगितलं नाही. मी तुला घाबरवायला कोटात शिरले नव्हते. आई कामाला गेली की मी रोज दुपारी त्यात जाऊन उभी राहायचे. आत अजून बाबांचा वास होता. त्या दिवशी तू लवकर आलास. मी रडत होते. रडताना सापडायचं नव्हतं म्हणून बाह्या वर केल्या. तू ओरडलास आणि मला हसायला निमित्त मिळालं. तू घाबरतोस म्हणून पुढे आईने तो कोट देऊन टाकला. त्याबद्दल मी तुझ्यावर फार दिवस रागावले होते, आणि तुला ते कधी कळलं नाही. बाकी, कोटापुढची पानं पुडक्यात आलीच नाहीत, त्यामुळे खुणांचं काही सांगता येत नाही."

ताई, हे मी तीनदा वाचलं. त्याबद्दल नंतर लिहीन, आता जमणार नाही. आधी मला एवढंच सांग. टाइपरायटरच्या रिबनची शाई संपली होती. तू अख्खं पान कोऱ्यावर टाइप केलंस, घडी घातलीस, पाकिटात भरलंस आणि ते तुला दिसलं नाही. डोळ्यांना काय झालंय?

आणि पानं मी मोजून घातली होती. ती गेली कुठे? तुला वाचून कोण दाखवतं?

फोन केला तर तू "सगळं ठीक" म्हणशील, म्हणून लिहितोय. उत्तर आलं नाही तर मी सरळ तिकडे येतो. नाहीतरी माझं शूटिंग आता नाहीच.

भित्र्या


२५ मार्च

प्रिय भित्र्या,

नवी रिबन जेलरसाहेबांनी बसवली. आता उमटतंय ना?

गेल्या वर्षी समोरच्या माणसाचा चेहरा पुसट व्हायला लागला. आता मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकेल. माझं काही अडत नाही. डबे जागच्या जागी आहेत, जिना पाठ आहे, आणि टाइप तर मी कधीच बघून केलं नाही.

तुला सांगितलं नाही, कारण तू मला उचलून तुझ्या घरी नेशील आणि मऊ खुर्चीत बसवून ठेवशील. हे झालं वरवरचं. खरं कारण वेगळं. तुझ्या सिनेमांच्या पाटीवर माझं नाव नसतं, पण लोक जिथे दचकतात तिथे माझी पेन्सिल आधी जाऊन आलेली असते. ते काम मला सोडायचं नव्हतं. म्हणून जेलरसाहेबांना वाचून दाखवायला सांगितलं. तुझी पत्रंही तेच वाचतात.

आता मला उमजतंय की एवढा धिप्पाड माणूस शेजारी बसल्यावर मागे वळून कशाला बघावंसं वाटेल? म्हणून खुणा झाल्या नाहीत. दोष तुझा नव्हता, माझा होता, आणि मी तुला सुखवस्तू म्हटलं. ते मागे घेते. सुतारांना परत बोलाव. तुझ्या हिमतीवर काढ सिनेमा. पेन्सिल मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली आहे.

ताई


२५ मार्च

दिग्दर्शक साहेब यांस,

मला पत्रं लिहिण्याची सवय नाही, अहवाल लिहिण्याची आहे. तरी तसंच लिहितो.

आपल्या भगिनींना पटकथा वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यात माझ्याकडून कसूर झाली. पहिल्या खर्ड्यात पान एक्केचाळीसवर शिंपीण पडद्याकडे हात नेते. तिथे मी पुढच्या चार ओळींवर नजर टाकली आणि सहा पानं एकदम उलटली. दुसऱ्या खर्ड्यात अकरा. तिसऱ्यात कोटाच्या बाह्या वर होतात तिथे वाचन थांबवलं आणि पुढची पानं आलीच नाहीत असं सांगितलं. ती तेवीस पानं माझ्या गादीखाली होती. तिन्ही मिळून गाळलेली पानं चाळीस. गादीखालची तेवीस सोबत जोडली आहेत.

ज्यांची नावं ऐकून लोक दाराला कडी लावतात अशा माणसांत मी तीस वर्षं काढली. माणसाची मला भीती नाही. माणसाला कोठडीत टाकता येतं. कोटाला काय करणार? माझा स्वतःचा कोट मी खुंटीवरून काढून ट्रंकेत घातला आहे आणि ट्रंकेवर पाण्याची भरलेली बादली ठेवली आहे.

आपलं २८ फेब्रुवारीचं पत्र वाचूनही मला कबुलीचा धीर झाला नाही. आता सिनेमाच थांबला असं कळल्यावर गप्प राहणं बरोबर नाही. आपल्या शेवटच्या पत्रातला पानांविषयीचा मजकूरही मी बाईंना वाचून दाखवलेला नाही. त्यांना हे कळू नये अशी विनंती आहे. त्या मला शूर समजतात. या वयात मला तसं समजणारं दुसरं कुणी नाही.

शेजारचा जेलर


२ एप्रिल

ताई,

शूटिंग दहालाच सुरू होतंय. सुतार परत आले. निर्मातीबाईंनी डायरीतली तारीख माझ्यासमोर खोडली.

मला खुणा मिळाल्या. चाळीस. कुठून ते विचारू नकोस. एवढंच सांगतो की एका जाणकाराने पटकथा वाचली आणि इतका प्रामाणिक वाचक मला आजवर मिळाला नव्हता. जेलरसाहेब, हे वाक्य पुन्हा एकदा वाचून दाखवा.

तुला उचलून आणणार नाही. तुझे डबे, तुझा जिना, तुझी सोबत, सगळं तिथेच राहू दे. पण डॉक्टरांना मी स्वतः येऊन भेटणार, आणि यावर वाद नको.

शेवट बदलतोय. कोट सूड घ्यायला आलेला नाही. त्यात कोण उभं होतं ते मला आता कळलंय, आणि मला आजवर का जमत नव्हतं तेही. मी त्या दुपारची फक्त अर्धी गोष्ट सांगत होतो, दाराच्या अलीकडची.

पानं आता पाठवत नाही. सिनेमाच ऐकायला ये. पेन्सिल ड्रॉवरमधून काढ.

भित्र्या


१२ नोव्हेंबर

प्रिय भित्र्या,

काल दुपारच्या खेळाला जाऊन आले. पाचवी रांग, डावीकडे जेलरसाहेब. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, हातात पेन्सिल. शेजारच्या बाईंना वाटलं मी वर्तमानपत्रातून आले आहे.

सुरुवातीला मी अगदी निवांत होते. दुकान ओळखीचं, कात्रीचं तेल ओळखीचं. शिंपीण पडद्याकडे निघाली तेव्हा मनात म्हटलं, आता ही चहा पिणार. आणि चहा आलाच नाही. पडद्याच्या कड्या एकेक करून सरकल्या. मग कात्री उघडल्याचा आवाज आला आणि मिटल्याचा आलाच नाही. मी मागे वळून बघितलं, मला काय दिसणार होतं मागे, पण बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला पुढे काय आहे ते माहीत नव्हतं. तुझे सिनेमे बाकीच्या लोकांना कसे लागतात ते मला काल कळलं. तू फार वाईट माणूस आहेस. मला तुझा इतका अभिमान वाटला की शेजारच्या बाईंना सांगून टाकलं, दिग्दर्शक माझा भाऊ आहे.

जेलरसाहेबांनी माझं मनगट असं धरलं होतं की अजून ठणकतंय. बाहेर आल्यावर मी विचारलं, "किती पानं गाळलीत?" ते म्हणाले, "चाळीस, बाई." मग म्हणाले, "शिक्षा सांगा." मी म्हटलं, यापुढे भावाचं जे काही येईल ते मोठ्याने, एक ओळही न गाळता वाचायचं. ते म्हणाले, ही जन्मठेप झाली. घरी आल्यावर मी त्यांना चहा दिला. या वेळी त्यांनी तो सगळा प्यायला. भिणारा माणूस तिकिटाला रांग लावून अंधारात माझ्या शेजारी येऊन बसला, त्याला मी शूर म्हणणार नाही तर कुणाला म्हणणार? तसं त्यांना सांगितलंही.

कागद सोबत आहे. अंधारात काढलेल्या खुणा, त्यातून मी, म्हणजे एकावर एक चढल्या असतील. तुला जुळवता यायच्या नाहीत म्हणून काढतानाच मोजल्यात. सतरा. मिशा ठेव.

शेवटच्या प्रसंगाला मात्र खूण नाही. दारामागे कोटाच्या बाह्या वर झाल्या तेव्हा सगळं थिएटर ओरडलं, अगदी तू ओरडला होतास तसं. मग ओरडणं थांबलं आणि कोटाच्या आतून त्या मुलीचं रडणं ऐकू आलं. तू ते किती हळू ठेवलं आहेस. मी भ्याले नाही, मागेही बघितलं नाही. मला एवढंच वाटत होतं की आज कुणी शाळेतून लवकर घरी येऊ नये.

ताई